विरुपाक्षाला बसवायचं राहिलं

मल्लव्वाची कडक भाकरी सोलापूरच्या बाळीवेशीत सगळ्यांना माहीत होती. पापडासारखी पातळ, महिना महिना टिकणारी आणि मोडली की कडकन आवाज करणारी. शेजारची कमलम्मा म्हणायची, "भाकरी करणारणीवर गेलीय." मल्लव्वा ते ऐकायची आणि पुढची भाकरी जरा जास्तच जोरात थापायची.

तिचं सासर मैंदर्गीचं. नवरा चनबसप्पा सोलापुरात सरकीच्या वखारीत कामाला होता, म्हणून बिऱ्हाड इथे. तो तापाने गेला तेव्हा मुलगा विरुपाक्ष दहा वर्षांचा होता. मयत मैंदर्गीला नेली आणि भावकीच्या रानात, आंब्याच्या अंगाला खड्डा काढला. लिंगायतांत मयताला जाळत नाहीत, झोपवतही नाहीत. मातीत मांडी घालून बसवतात. गळ्यातलं इष्टलिंग सोडून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात, बेल आणि विभूतीने जागा भरतात आणि मग माती लोटतात. खड्डाही वाटेल तसा काढत नाहीत. ज्याचा खड्डा त्याच्याच पावलाच्या मापाने तो मोजायचा. कुणीतरी चनबसप्पाच्या पायाला दोरा लावून माप घेतलं तेव्हा विरुपाक्ष टक लावून बघत होता.

"अव्वा, अप्पाला बसवलं कशाला?"

"आपल्यात बसवतेत. जन्माला आल्यावर लिंग बांधतेत, ते जाताना हातात देतेत. देवाचं देवाबरोबर जातं. मागं ठेवायचं नसतं."

"आन मागं राहिलं तर?"

"राहत न्हाय," मल्लव्वा म्हणाली. "कोन ठेवंल?"

पुढे पोरगा उंच झाला. शाळेत मन रमेना, वखारीत नाक वाहायचं, आणि एक दिवस तो भरतीच्या रांगेत उभा राहून आला. मल्लव्वाने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिने पहिली गोष्ट विचारली ती बंदुकीची नव्हती.

"तितं मटण शिजवतेत म्हनं."

"शिजवतेत. पण आपली पंगत येगळी असती, अव्वा. निस्ती डाळ."

"डाळीत हाडूक घातलं तर?"

"डाळीत खडं घालतेत. हाडूक महाग पडतंय त्यास्नी."

तिला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. जायच्या दिवशी त्याला देवासमोर बसवून तिने त्याच्याकडून शपथ घेतली, की अंघोळीला, झोपेत, कवायतीत, कधीही गळ्यातलं लिंग काढायचं नाही. लिंग ठेवायची चांदीची डबी तिने स्वतःच्या पाटल्या मोडून करून घेतली होती. त्याने शपथ घेतली आणि पाळलीही. सुट्टीवर यायचा तेव्हा शर्टाच्या आत डबीचा उंचवटा दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा.

एकाहत्तर सालच्या डिसेंबरात तार आली. पश्चिमेच्या सरहद्दीवर गेला, एवढंच तीत होतं. गल्लीतल्या बायका आल्या, बसल्या, रडल्या. मल्लव्वा भिंतीला टेकून बसली होती. तिने एकच विचारलं, "मयत कदी येतीया?"

मयत येणार नाही, हे तिला सांगायला कुणी धजेना. शेवटी कमलम्मानेच सांगितलं, की लढाईत जागच्या जागीच उरकतात.

"उरकतेत म्हंजे?"

कमलम्माने पदर तोंडाला लावला.

संक्रांत आली, गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आले. सिद्धरामेश्वराच्या मानाच्या काठ्या निघाल्या, गल्ली पांढऱ्या कपड्यांच्या माणसांनी भरून वाहत होती. त्या गर्दीतून वाट काढत एक जवान मल्लव्वाच्या दारात आला. खांद्यावर विरुपाक्षाची ट्रंक आणि हातात लाल फडक्याने तोंड बांधलेला तांब्याचा कलश. तो सांगोल्याकडचा रामहरी. दोघे एकाच तुकडीत होते. विरुपाक्षाच्या पत्रांतून त्याचं नाव मल्लव्वाला ठाऊक होतं: "रामहरी माझ्या वाटणीची डाळ खातो आणि मला त्याच्या वाटणीचा गूळ देतो."

तो दारातच चप्पल काढून खाली बसला. कलश समोर ठेवला. मग म्हणाला, "मावशी, त्याला काय कळलं सुदीक न्हाय. एका घडीत झालं. सरण आमीच रचलं. साहेबांनी सलामी दिली. सगळं नीट झालं."

मल्लव्वा कलशाकडे बघत होती. सरण हा शब्द तिच्या घरात कधी कुणी उच्चारला नव्हता.

"आन ह्ये," रामहरीने खिशातून रुमाल काढला, उलगडला. आत चांदीची डबी होती, दोऱ्यासकट. "त्याच्या गळ्यातलं. म्या सवताच्या हातानं काढून ठिवलं. म्हटलं, आईनं करून दिल्यालं, चांदीचं हाय, जळाया नगं. मावशीपर्यंत पोचलं पायजे. तवापासनं खिशातच हाय, कुणाला हात लावू दिला न्हाय."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि काहीतरी मोठं राखून आणल्याचं समाधानही. त्यांच्यात मयताच्या अंगावरचं सोनं-नाणं काढून घरी देतात. त्याने जे केलं ते सख्ख्या भावाने केलं असतं.

मल्लव्वाने हात पुढे केला. डबी घेतली. तळहातावर ती जड लागली. तिला ओरडून सांगायचं होतं, की अरे, एवढं एकच त्याच्याबरोबर जायचं होतं, आणि तेवढंच तू मागे आणलंस. पण पोरगा सांगोल्याहून तसाच उपाशी आला होता. ती उठली, तव्यावर भाकरी टाकली आणि म्हणाली, "हात धू, बाबा. शेंगाची चटनी हाय. त्याला आवडायची."

त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट बसली. पोराला मातीत बसवायचं आणि त्याचं लिंग त्याच्या हातात द्यायचं.

मठातले अय्या, म्हणजे त्यांचे जंगम स्वामी, चांगले माणूस होते पण भित्रे. ते म्हणाले, "मल्लव्वा, जळलेल्याला समाधी कशी द्यायची? पोथीत नाही. लिंग मातीत घालायला अंग लागतं. नुसतं लिंग घालता येत नाही, आणि हे अंग काही राहिलं नाही. ही राख आहे."

मल्लव्वाने त्यांच्या कपाळाकडे बघितलं. तीन पांढरे पट्टे ठसठशीत होते.

"अय्या, तुमच्या कपाळावर काय हाय?"

"विभूती."

"ती कशाची असती?"

अय्या कपाळाला हात लावून हळूच हसले. "तुझ्यापुढे पोथी चालायची नाही. बरं. राख मातीत मळू, त्या मातीला आकार देऊन बसवू आणि लिंग ठेवू. माझा शिव काय रागावायचा नाही. माणसं काय बोलतील ते बोलोत."

मैंदर्गीला जायचं ठरलं. चनबसप्पाच्या शेजारी. मापाला पाय नव्हता, पण ट्रंकेत विरुपाक्षाचे कॅनव्हासचे बूट होते. मल्लव्वाने बुटाच्या आत दोरा घातला, टाचेपासून अंगठ्याच्या खळग्यापर्यंत नीट दाबून माप घेतलं आणि दोऱ्याला गाठ मारली.

त्याच आठवड्यात संगप्पाण्णा घरी आला. संगप्पाण्णा म्हणजे तेलाचा व्यापारी, नाक्यावरच्या जवान स्मारक समितीचा अध्यक्ष, आणि मल्लव्वाच्याच जातीचा. मागे चार माणसं आणि एक फोटोवाला.

"मल्लव्वाक्का," तो खाटेवर बसत म्हणाला, "तुमच्या पोरानं सोलापूरचं नाव केलं. आता त्याची समाधी इथंच व्हायला पाहिजे. अक्कलकोट रस्त्याला, जकातनाक्यापुढं. सरकार मदत देतंय, बाकी समिती बघेल. तुम्ही काही करायचं नाही. फक्त अस्थी द्यायच्या."

"समाधी?" मल्लव्वाने विचारलं.

"समाधी. झकास. पंधरा ऑगस्टला मुंबईहून पाहुणे येणार."

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते मैंदर्गीचं अंतर. एस.टी.ने तिथे जायचं तर दिवस मोडतो. नाका घरापासून चालत जाण्यासारखा. रोज बेल वाहता येईल. आणि दुसरं जे आलं ते तिला पुढे आयुष्यभर टोचलं. तिला वाटलं, बाप भावकीच्या रानात बसला, कुणाला पत्ता नाही. पोरगा भर रस्त्यावर बसेल. येणारा जाणारा वाकेल. सरकार स्वतः खड्डा काढून देतंय.

"अण्णा, अय्यांना बोलवाल न्हवं?"

"बोलवू की. अय्या, मौलवी, सगळ्यांना बोलवू."

"आन ह्यो दोरा घ्या. त्याच्या पायाचं माप हाय. खड्डा ह्याच मापानं काडाय सांगा."

संगप्पाण्णाने दोरा घेतला, खिशात टाकला आणि फोटोवाल्याकडे बघून म्हणाला, "हां, आता कलश दोघांच्या हातात. अक्का, जरा हिकडं बघा."

कलश लगेच नेला नाही. समितीची वर्गणी गोळा होईपर्यंत तो देवाच्या कोनाड्यातच राहिला. मल्लव्वा रोज सकाळी दोन लिंगांची पूजा करायची, आपल्या आणि पोराच्या. पूजेवाचून लिंग ठेवायचं नसतं, म्हणून तिने ते आपल्याच गळ्यात घातलं होतं. थोडे दिवसच तर आहेत, असं म्हणायची. बाहेर पावसाने दगा दिला होता. जोंधळा महागला, ती विकायची त्या भाकऱ्यांचं गिऱ्हाईक कमी झालं. मल्लव्वाला त्याचं काही नव्हतं. चौदा ऑगस्टला समितीची माणसं येऊन कलश घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती न्हाली. टोपलीत बेल, विभूतीचे गोळे, नवं पांढरं कापड, कापूर, सगळं भरलं. अय्यांना टांग्यात बसवून नाक्यावर आली तेव्हा बँड वाजत होता. पताका लागल्या होत्या. आणि मधे, गोल कट्ट्यावर, सिमेंटचा एक खांब उभा होता. वर दगडाची ज्योत.

अय्या टांग्यातून उतरले, जागेवरच थांबले. त्यांना आधी कळलं.

"मल्लव्वा," ते म्हणाले, "इथं खड्डा नाही."

ती कट्ट्याला वळसा घालून आली. सगळीकडून बघितलं. मग संगप्पाण्णाला गाठलं. तो हार मोजून घेत होता.

"अण्णा, पोरगं कुटं हाय?"

"कोण? कलश होय? वर, खांबात. काल संध्याकाळीच ठेवला. पाहुण्यांना वेळ थोडा आहे ना, सिमेंट वाळायला नको?"

"खांबात कसं बसंल ते?"

"अक्का, आता नको. पाहुणे येतायत. तुमची खुर्ची तिकडं, पहिल्या रांगेत."

"मी लिंग आनलंय. खड्डा काडा म्हनलं होतं. समाधी म्हनला होता तुमी."

"ही काय मग? समाधीच की."

समितीतला एक पोरगा बिल्ला लावून उभा होता. तो हसून म्हणाला, "आज्जी, सोलापुरात खड्डे कमी हायत का? इथं अजून एक कशाला?" दोघं-तिघं हसली. संगप्पाण्णाही हसला, पण त्याने मल्लव्वाची नजर टाळली. त्याच्या बापाला बसवताना तो स्वतः खड्ड्यात उतरला होता. त्याला काय माहीत नव्हतं?

"दोऱ्याचं काय केलंत?" तिने विचारलं.

"कसला दोरा?"

पाहुणे आले. बिगूल वाजलं, सगळे ताठ उभे राहिले. पाहुणे म्हणाले, की ही समाधी तरुणांना स्फूर्ती देत राहील. मल्लव्वाला नारळ दिला, लुगडं दिलं, शिलाई मशीन दिल्याचं जाहीर केलं. फोटोत ती टोपली मांडीवर घेऊन बसलेली आहे. बघणाऱ्याला वाटेल प्रसाद आहे.

ती गप्प बसणारी नव्हती. आठवड्याने ती सैनिकांच्या कचेरीत गेली. तिथले साहेब निवृत्त कॅप्टन होते, मनाने मऊ. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"आजी, तुमचं दुःख मला समजतं. पण एकदा स्मारक उभं राहिलं की ते सगळ्यांचं झालं. ते फोडलं तर शहिदाचा अपमान होईल. नियमात बसत नाही."

मल्लव्वाने कप खाली ठेवला. "साहेब, मी म्हनते माझं पोर बसवा. तुमी म्हनता नियमात बसत न्हाय. मग त्यानं बसावं तरी कुटं?"

साहेबांनी तिच्या मासिक पेन्शनची चौकशी केली. ती वेळेवर मिळत होती. दुसरं काही अडलं तर या, असं ते उभे राहून म्हणाले. दुसरं काही तिचं अडलेलं नव्हतं.

मग तिने तो खांब बांधणारा गवंडी शोधला. मायाप्पा त्याचं नाव. विडी कामगारांच्या वस्तीत राहायचा. तिच्या पायाच पडला.

"आई, मला म्हनले कलश वर ठेव आन स्लॅब मार. मला काय म्हाईत आत कोन हाय. आता हात लावला तर मला आत टाकतील."

"रातचं न्हाय म्हनत मी. दिवसाढवळ्या, माझ्यासमोर उगड."

"समितीची चिट्टी आना, आत्ता येतो." मग त्यालाच वाईट वाटलं. "आई, एक करतो. वर बारकं भोक पाडतो, लिंग आत सोडतो, परत सिमेंट मारतो. कुणाला कळनार न्हाय."

मल्लव्वाने मान हलवली. "सिमेंटात न्हाय रं बाबा. मातीत. माती लागती."

समितीची चिठ्ठी मिळाली नाही. संगप्पाण्णा दुकानात भेटेना, भेटला तर 'पुढच्या बैठकीत बघू' म्हणे. बैठकी वर्गणीपुरत्या होत्या, त्या झाल्या होत्या.

वर्षं गेली. पहिली दोन वर्षं सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला तिला बोलावणं यायचं, खुर्ची असायची. तिसऱ्या वर्षी खुर्च्या कमी पडल्या, तिला कट्ट्यावर बसवलं. चौथ्या वर्षी बोलावणंच आलं नाही. ती दर सोमवारी आपली आपण जायची. खांबावर सर्कशीचे कागद चिकटवलेले असायचे, निवडणुकीचे असायचे, त्यावर पुन्हा सर्कशीचे. शेळ्या बांधलेल्या असायच्या. ती ओल्या फडक्याने कागद भिजवून सोलायची, कट्टा झाडायची आणि चार पानं बेलाची ठेवायची. ठेवताना दर वेळी तिच्या मनात यायचं, की हा खांब आहे, इथे बेल वाहून काय होतंय. तरी ठेवायची. दुसरीकडे कुठे ठेवणार?

"दोन लिंगं गळ्यात कशाला बाळगतेस गं?" कमलम्मा कधी विचारायची. "जड होत न्हाय?"

"एक माजं. एक परत द्यायचं हाय."

रामहरी दर संक्रांतीला यायचा. पलटणीतून सुटून आता तो सांगोल्याला शेळ्या पाळत होता. येताना पिशवीभर डाळिंबं किंवा शेंगा आणायचा. दर वेळी तिच्या गळ्यातल्या डबीकडे बघून त्याला बरं वाटायचं. ती त्याला जेवू घालायची. त्याच्या पोराबाळांची चौकशी करायची. दर वेळी तो गेला की दार लावून थोडा वेळ बसून राहायची.

अठ्ठ्याहत्तर साली रस्ता रुंद करायचं निघालं. मल्लव्वाला त्याची खबर नव्हती. एका सोमवारी बेल घेऊन ती गेली, तर नाक्यापुढे कट्टाही नव्हता, खांबही नव्हता. सपाट मुरूम पसरलेला आणि वर रोलर फिरत होता. तिला आधी वाटलं, आपणच रस्ता चुकलो. तिने जकातनाक्याच्या पत्र्याकडे बघितलं. तो तिथेच होता.

मुकादम म्हणाला, "इथं काय हुतं? खांब व्हय? तो गेल्या आठवड्यात काढला."

"काडला? तो फोडला तर अपमान व्हतो म्हनत हुते."

"कुणाचा?"

मायाप्पाला तिने पुन्हा गाठलं. तो त्याच कामावर रोजंदारीला होता, आणि त्याने मान वर केली नाही. खांब साखळदंड लावून पाडला, तो म्हणाला. सगळा माल गाड्यांत भरला. पुढे ओढ्याजवळ रस्ता खोलगट होता, तिथे भर लागत होती. तिथे ओतला.

"आन कलश?"

"पडल्या पडल्या फुटलं असंल, आई. नाय तर कुणी उचलला असंल, तांबं हुतं. राख काय राहती व्हय? मला दिसलं असतं तर म्या आनून दिलं असतं. देवाशपत."

"कुटल्या बाजूला वतला?"

"आता कसं सांगू? गाड्यांवर गाड्या मुरूम पडलाय त्याच्यावर."

ती तिथून मठात गेली. अय्या आता अंथरुणावर होते. तिने त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं आणि विचारलं, "अय्या, आता तो मातीत गेला म्हनायचं का?"

अय्या म्हणाले, "गेला, मल्लव्वा. मातीतच आहे."

"बसलाय का?"

अय्यांनी डोळे मिटले.

"मग ह्ये कुटं देऊ?" तिने डबी मुठीत धरली. "तिथल्या मातीत पुरू?"

"रस्त्यात? लिंगावरून गाड्या जातील, मल्लव्वा. तसं करू नको. आणि अंगाशिवाय..." पुढचं त्यांनी आधी एकदा सांगितलेलं होतं.

पावसाळा संपता संपता संगप्पाण्णा घरी आला. आता त्याला दम लागायचा. तो खाटेवर बसला आणि कपाळ पुसत म्हणाला, "अक्का, जुनं गेलं ते बरंच झालं. रस्त्यात अडचणच होती. आता बागेत नवी समाधी बांधतोय, संगमरवरी. पायाभरणीला तुमचा हात लागला पाहिजे. लोक विचारतात, आई कुठंय म्हणून."

"आत काय ठेवनार?"

"ठेवू की कलश. तुम्ही काळजी करू नका."

"कलश कुटला? आत काय असंल?"

संगप्पाण्णा जरा अडखळला. "अक्का, ते प्रतीक असतं. रणभूमीची माती म्हणून ठेवता येते. पवित्र माती कुठूनही आणता येते."

मल्लव्वा चुलीसमोर बसली होती. तिने भाकरी उलटली, शेकू दिली, बाजूला काढली. मग म्हणाली, "अण्णा, तुमच्या अप्पाला बसवलं तवा मी तितं हुते. तुमी खड्ड्यात उतरून त्येंच्या हातात लिंग दिलं. रडत हुता."

संगप्पाण्णाने पुन्हा कपाळ पुसलं.

"तवा त्याला समाधी म्हनतेत ह्ये तुमाला म्हाईत हुतं. बागेत काय बांदायचं ते बांदा. पन समाधी म्हनू नका. खांब म्हना. आन माजा हात काय लागायचा न्हाय त्याला."

"अक्का, लोकांत वाईट दिसेल."

"दिसू दे. इतकी वर्सं मला दिसलं."

तो उठून गेला. जाताना दाराशी चप्पल घालताना वाकला तेव्हा त्याच्याही सदऱ्यातून डबीचा उंचवटा दिसला. मल्लव्वाने तव्यावर पुढची भाकरी टाकली. बागेतला खांब त्याच वर्षी झाला. पायाभरणीला दुसऱ्या एका जवानाच्या आईला बसवलं म्हणतात.

पुढच्या संक्रांतीला रामहरी आला. त्याला अक्कलकोटला पाहुण्यांकडे जायचं होतं, म्हणून ती त्याला गाडीला लावायला अक्कलकोट रस्त्याने निघाली. रस्ता आता रुंद, काळाभोर झाला होता. नाका मागे पडला. ओढ्याचा, भर घातलेला उतार लागला तशी मल्लव्वा थांबली, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि कडेकडेने चालू लागली. भर दुपारचं ऊन होतं, डांबर पायाला चटके देत होतं. ओढ्यावरचा पूल संपेपर्यंत ती तशीच चालली.

"मावशी, चप्पल चावती व्हय?" रामहरीने विचारलं.

"व्हय."

"मग नवी घ्या की. मी देतो घिऊन."

"कशाला रं? ह्ये येवडंच हाय. पुडं घालते."

पुलापलीकडे तिने चपला घातल्या. दोघं लिंबाखाली थांब्यावर उभी राहिली. रामहरीने विचारलं, खांब कुठे गेला, येताना दिसला नाही. तिने सांगितलं, रस्त्यासाठी काढला, बागेत नवा केलाय, संगमरवरी. "मंग बरं झालं," तो म्हणाला. "सावलीत हाय." ती म्हणाली, "व्हय, सावलीत हाय."

सोलापूरकडून एस.टी. आली. उतारावरून, पुलावरून, भरल्या टपानिशी धडधडत येऊन थांब्यावर उभी राहिली. रामहरी चढला, खिडकीशी जागा धरली आणि हात जोडले. गाडी निघाली. मल्लव्वा वळली, पुलापर्यंत आली आणि पुन्हा चपला काढायला खाली वाकली.